चंदा, जकात आणि सरकारी दवाखाना

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत आजारपणाचा पैसा तीन ठिकाणांहून येतो. आधी घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने मोडले जाते. मग आखातात असलेल्या मुलाला, भावाला किंवा जावयाला फोन जातो. तेवढ्यानेही भागले नाही, तर जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एलान होते. अमुक गावच्या एका गरजू भावाचे ऑपरेशन आहे, सर्वांनी सढळ हाताने मदत करावी. दाराशी रुमाल पसरला जातो आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यात काही ना काही टाकतो. रोजंदारीवर जाणाराही दहा-वीस रुपये टाकल्याशिवाय चप्पल पायात घालत नाही. आमच्या समाजाच्या या सवयीचा आम्हांला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. २०२० साली, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, भिवंडीत मशिदीच्या जागेतच ऑक्सिजन देण्याचे केंद्र उघडले गेले, आणि तिथे आलेल्याला त्याचा धर्म विचारला गेला नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. पैशाच्या या तीन ठिकाणांत सरकार कुठेच कसे नाही? आमच्या बोलण्यात सरकारी दवाखाना येतो तो लहान मुलांची लस टोचायची जागा म्हणून किंवा एखादा दाखला मिळवायची जागा म्हणून. आजारी माणसाला घेऊन जायची जागा म्हणून त्याचे नाव क्वचितच निघते. असे का झाले, आणि असेच चालू राहिले तर आमचे काय होईल, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आरोग्यव्यवस्था हा शब्द वर्तमानपत्रात वाचताना फार मोठा आणि लांबचा वाटतो. गावातून पाहिले तर ती एक शिडी आहे. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे उपकेंद्र. पाच हजार वस्तीला एक, आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजारांना एक, असा त्याचा नियम. तिथे एक नर्सबाई आणि एक पुरुष आरोग्यसेवक असावा अशी अपेक्षा. वरची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. ते तीस हजार वस्तीला एक, डोंगराळ भागात वीस हजारांना. तिथे साधारण सहा खाटा, वैद्यकीय अधिकारी, औषध देणारा फार्मासिस्ट. या दोन्ही पायऱ्या जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग ज्याला आम्ही सगळे 'सिव्हिल' म्हणतो ते जिल्हा रुग्णालय. ही राज्य सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याची. मेडिकल कॉलेजांची रुग्णालये दुसऱ्याच खात्याची, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याची. आणि कोकणचा माणूस शेवटी जिथे पोचतो ती मुंबईची केईएम, नायर, सायन ही रुग्णालये महापालिकेची. दिल्लीचे सरकार योजना आणि पैसा देते, पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय घटनेने राज्यांकडे सोपवला आहे. म्हणजे आमच्या गावच्या एका पेशंटला केईएमपर्यंत जाताना तीन मालकांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. एकाचा केसपेपर दुसऱ्याकडे चालत नाही आणि एकाच्या कपाटात नसलेले औषध दुसरा देत नाही.

ही शिडी कोणी आखली? तिचा पहिला नकाशा काढणारा माणूस आपल्याच मातीतला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले मराठी ख्रिस्ती. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली एक समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून या देशात कोणी उपचारावाचून राहू नये, आणि दवाखाना लोकांच्या होईल तितका जवळ असावा, ही त्या अहवालाची मूळ भूमिका. लांबच्या पल्ल्यासाठी समितीने जे सुचवले ते आज वाचताना डोळे विस्फारतात. दहा ते वीस हजार वस्तीला पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय! लगेच करायचे काम म्हणून चाळीस हजार वस्तीला एक केंद्र सुचवले होते. १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पंचाहत्तर खाटांचे स्वप्न मात्र कागदावरच राहिले, आणि आमच्या वाट्याला सहा खाटा आल्या. त्या सहांवरही सतरंजी घातलेली असेलच असे नाही.

आता आमच्या गावाकडे येऊ. खाडीकाठचे गाव. एका बाजूला मुस्लिम मोहल्ला, वर चढणीला कुणबीवाडी, ओढ्यापलीकडे बौद्धवाडी. जमातीची एक मुंबई कमिटी आहे आणि एक गल्फ कमिटी. गल्फ कमिटीने काही वर्षांपूर्वी पैसे जमवून गावाला अँब्युलन्स दिली. गाडी छान आहे, ड्रायव्हर रात्री-अपरात्री उठून येतो. तिच्यामुळे माणसे वाचली आहेत. पण ती जाते कुठे, हे पाहण्यासारखे आहे. गावापासून काही मैलांवर हमरस्त्याला लागून प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अँब्युलन्स त्याच्या दारावरून न थांबता पुढे जाते आणि शहरातल्या खाजगी रुग्णालयात पोचते. तिथेही जमले नाही तर तीच गाडी पुढे मुंबईचा रस्ता धरते. आम्ही ड्रायव्हरला विचारले, मध्ये का थांबत नाही? तो म्हणाला, "चाचा, थांबून काय करू? डॉक्टर असला तर औषध नसतं, औषध असलं तर डॉक्टर मीटिंगला गेलेला असतो."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या केंद्रात दोन डॉक्टरांची पदे मंजूर आहेत, त्यांतले एक बरीच वर्षे रिकामे. जे डॉक्टर आहेत ते सकाळी शे-सव्वाशे पेशंट तपासतात, दुपारी अहवाल भरतात, शवविच्छेदनाला जातात, लसीकरणाचे शिबिर घेतात. त्या एका माणसावर राग काढणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेने दोघांचे काम एकाच्या डोक्यावर दिले, तिचा हिशेब कोणी मागत नाही.

हिशेब मांडला तर असा निघतो. २०१३-१४ मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून सरकारने आरोग्यावर केलेला खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळात, तो १.८४ टक्क्यांपर्यंत गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असे लिहिले होते. ते गाठले गेले नाही. इंग्लंडसारख्या देशात हाच सरकारी खर्च ९ टक्क्यांच्या आसपास असतो. सरकार कमी घालते, तेव्हा बाकीचा पैसा आजारी माणसाच्या खिशातून जातो. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून दिली होती. २०२१-२२ पर्यंत हा आकडा ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजाऱ्याने काउंटरवर मोजायचे, हे कोणत्याही माणुसकीच्या हिशेबात बसत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात एकदा दवाखान्यात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खाजगीत २७,३४७ रुपये आढळला. बाळंतपणे यात धरलेली नाहीत. या दोन रकमांमधले जे तेवीस हजार आहेत, तेच आमच्या बायकांच्या बांगड्या आहेत, आणि तेच जुम्याच्या रुमालातले पैसे आहेत.

आमच्या नात्यातल्या एका चाचांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. चाचांनी वीसेक वर्षे कुवेतमध्ये ड्रायव्हरी केली. तिथेच त्यांना शुगर निघाली. कुवेतमध्ये १९९९ च्या कायद्याने परदेशी कामगारांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. इकाम्याबरोबर त्याचे पैसे भरायचे आणि मग सरकारी दवाखान्यात जायचे. त्या दवाखान्याला तिथे मुस्तौसफ म्हणतात. चाचा ठरलेल्या तारखेला मुस्तौसफमध्ये जायचे, रक्त तपासायचे, महिन्याच्या गोळ्या घेऊन यायचे. शुगर ताब्यात होती. मग साठी जवळ आली, कफीलने व्हिसा वाढवला नाही आणि चाचा कायमचे गावी आले. व्हिसा संपला त्या दिवशी गोळ्याही संपल्या. नोकरीशी बांधलेल्या आरोग्यसेवेचा हा स्वभावच आहे. अंगात ताकद असेतो ती सोबत करते आणि खरी गरज लागते त्या वयात हात सोडते.

गावी आल्यावर चाचा मेडिकलमधून गोळ्या विकत घेऊ लागले. पुढे पैसे ओढाताणीचे झाले, तशी रोजची गोळी एक दिवसाआड झाली. मुलीचे लग्न निघाले तेव्हा चार महिने बंदच. चाचींनी विचारले तर म्हणायचे, "मला काही होत नाही, पाय दुखतात तेवढेच." प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळाव्यात अशी सरकारची योजना आहे, पण तिथे दोनदा हेलपाटा घालूनही 'स्टॉक नाही' हेच उत्तर मिळाले, म्हणून ते पुन्हा गेले नाहीत. पाच वर्षांत किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले.

आता गंमत पाहा. ज्या दिवशी डायलिसिसची वेळ आली, त्या दिवशी सगळे धावून आले. जमातीने चंदा केला. गल्फ कमिटीने पैसे पाठवले. आणि सरकारही आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो. ही योजना आधी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांपुरती होती, १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू झाली आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली. चाचांना तिचा आधार झाला, यात शंका नाही. पण काही रुपयांच्या गोळीसाठी जे सरकार आणि जो समाज हजर नव्हता, तो लाखांच्या बिलासाठी हजर झाला. योजना भरती झालेल्या पेशंटचे आणि यादीतल्या उपचारांचे बिल देते. रोजची गोळी, साधी रक्ततपासणी, ओपीडीतला डॉक्टर तिच्यात नाही. चंद्याचेही अगदी असेच आहे. ऑपरेशनसाठी चंदा जमतो, गोळ्यांसाठी जमत नाही. कुठल्या इमामाने दर जुम्याला उठून सांगायचे की अमुक भावाच्या शुगरच्या गोळ्या संपल्या आहेत?

आमच्या मते सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. मदत आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत आजार मोठा झाल्यावर, माणूस रडू लागल्यावर येते. व्यवस्था आधीपासून जागेवर असते. डॉक्टर खुर्चीत, गोळी कपाटात, आणि पैसा आजार येण्यापूर्वीच भरलेला. मदत कितीही वाढवली तरी तिची व्यवस्था होत नाही, कारण मदत मागावी लागते. मागताना माणसाची इज्जत जाते. एलानात नाव घेत नाहीत, पण आमच्या गावात कोणाला ठाऊक नसते की तो 'गरजू भाऊ' कोण? एका विधवेने मुलाच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एलान करू दिले नाही. दोन वर्षे मुलगा पट्टा बांधून फिरला. तिला पैसे नको होते असे नाही. गावाच्या तोंडी जायला नको होते.

कोणी म्हणेल, आमच्याकडे जकात आहे, बैतुल-माल आहे, मग सरकारच्या दारात कशाला जायचे? जकात हा दीनचा स्तंभ आहे, तिचे महत्त्व आम्ही सांगायला नको. पण जकात कोणाला द्यायची हे ठरलेले आहे. बहुतेक उलेमांच्या मते जकातीची रक्कम गरजू माणसाच्या मालकीची झाली पाहिजे. इमारत बांधणे, डॉक्टरला पगार देणे यांसाठी ती सरळ वापरता येत नाही. म्हणजे जकातीतून पेशंटचे बिल देता येते, पण आरोग्य केंद्रातले रिकामे पद भरता येत नाही. आणि चंदा असो वा जकात, ती साधारण आमच्या मोहल्ल्याच्या वेशीपर्यंतच जाते. गावातली विंचू-सापाची, तापाची, बाळंतपणाची दुखणी मात्र वेस पाहत नाहीत. पावसाळ्यात गावात लेप्टोची साथ आली होती. मोहल्ल्यात एक गेला, कुणबीवाडीत दोन. पाण्यातून येणारा रोग एकट्या मोहल्ल्याच्या चंद्याने थांबत नाही.

आपल्या इतिहासातही पाहावे. दमास्कसमध्ये ११५४ साली नुरी बिमारिस्तान उभा राहिला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी कलावून नावाचा सरदार त्या शहरात आजारी पडला आणि त्या दवाखान्याच्या औषधाने बरा झाला. त्याने मन्नत मानली, आणि इजिप्तचा सुलतान झाल्यावर १२८४ मध्ये कैरोत मन्सुरी बिमारिस्तान बांधला. श्रीमंत-गरीब, बाई-पुरुष, गावचा-परगावचा, कोणालाही तिथे उपचार मिळावेत अशी व्यवस्था होती. पण खरी गोष्ट इमारतीत नाही. त्याने त्या दवाखान्याच्या नावाने मिळकती वक्फ केल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून हकीमांचे पगार, औषधे आणि जेवण चालत राहील असे लिहून ठेवले. एखाद्या आजाऱ्यासाठी मशिदीच्या दारात रुमाल पसरावा लागू नये, म्हणून त्याने पैसा आधीच बांधून ठेवला. बुजुर्गांचे नाव घेताना आम्ही त्यांच्या दानतीची आठवण काढतो. त्यांच्या बंदोबस्ताची आठवण काढणे जास्त उपयोगाचे आहे.

वर्गणीची व्यवस्था कशी होते याचे अलीकडच्या काळातले उदाहरण इंग्लंडचे आहे. आमच्या कोकणातली बरीच कुटुंबे तिकडे स्थायिक झाली. ती सुट्टीत आली की 'एनएचएस'ला शिव्या देतात. तारीख मिळत नाही, महिने-महिने थांबावे लागते. पण बिलाची तक्रार आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. या एनएचएसचे मूळ वेल्समधल्या ट्रेडेगर नावाच्या कोळसा-खाणीच्या गावात आहे. १८९० पासून तिथल्या कामगारांची एक वैद्यकीय मदत संस्था होती. पगारातून दर आठवड्याला थोडी रक्कम कापायची आणि त्या पैशावर डॉक्टर, नर्स, दवाखाना ठेवायचा. गावातली बहुतेक माणसे तिच्या आधाराने होती. आमच्या गल्फ कमिटीचीच थोरली बहीण म्हणा ना! त्याच गावातला एक खाणकामगाराचा पोर, अन्युरिन बेव्हन, स्वतः खाणीत उतरलेला, पुढे देशाचा आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ रोजी त्याने आपल्या गावची पद्धत सगळ्या देशाला लागू केली. फरक एवढाच केला की वर्गणीच्या जागी मुख्यतः कर आला. ज्याची जशी ऐपत तसा कर, आणि ज्याला जशी गरज तसा उपचार. तीन वर्षांनी सरकारने चष्म्याला आणि दातांच्या कवळीला पैसे आकारायचे ठरवले, तेव्हा बेव्हनने मंत्रिपद सोडले. लोकांना ते क्षुल्लक वाटले असेल. पण आजाऱ्याने काउंटरवर पैसे मोजायचे हे एकदा मान्य केले की पुढे कुठे थांबायचे, हा त्याचा सवाल होता.

आम्ही काही देशाचे मंत्री नाही. पण ट्रेडेगरच्या खाणकामगारांजवळ जे होते, ते आमच्याजवळही आहे. नियमाने पैसे काढण्याची सवय आहे, हिशेब ठेवणारी कमिटी आहे, एकमेकांवरचा भरवसा आहे. पुढची पायरी राहिली आहे. ती म्हणजे आपल्या कराचा पैसा कुठे जातो हे विचारण्याची. मुसलमान कर भरत नाहीत, सवलती घेतात, असे बोलणारे भेटतात. चहा, साबण, मोबाइलचा रिचार्ज यांवरचा कर दुकानदार नाव विचारून कापत नाही. हा पैसा आमचाही आहे. त्यातून चालणारा दवाखाना ही खैरात नाही, आमचा हक आहे.

हा हक नुसता भाषणातला नाही. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. आधी तिथल्या आरोग्य केंद्रात, मग कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला फिरवले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, सुप्रीम कोर्टात दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी कोर्टाने निकाल दिला. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. त्या शेतमजुराचे नाव निकालपत्रात आहे, आणि ते आपल्यातलेच नाव आहे. आज या देशात कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला सरकारी दवाखान्याच्या दारातून परत पाठवले, तर त्याचा वकील हाच निकाल कोर्टापुढे ठेवतो. आमच्या समाजाने देशाला काय दिले असे विचारणाऱ्याला हेही सांगावे.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले की मुस्लिम वस्ती लक्षणीय असलेल्या मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत वैद्यकीय सोयच नाही. तो अहवाल आम्ही मेळाव्यांतून पुष्कळ वाचला. नोकऱ्यांचे आणि शिक्षणाचे आकडे आम्हांला पाठ आहेत. दवाखान्याचा हा आकडा मात्र फारसा कोणाच्या तोंडी नसतो. आमच्या बायका सरकारी दवाखान्यात का जात नाहीत, हेही कमिटीच्या बैठकीत बोलले जात नाही. बाई डॉक्टर नाही, तपासायच्या खोलीला पडदा नाही, बुरखा पाहून काउंटरवरचा आवाज चढतो, आणि चौथे मूल असले की सगळ्यांसमोर टोमणा ऐकावा लागतो. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांचा इलाज केंद्र टाळण्यात नाही. पडदा मागावा लागतो, टोमण्याची लेखी तक्रार करावी लागते.

मागण्याची जागाही आहे. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते, आणि केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. २००७ पासून पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे या जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावकरी औषधांचा साठा पाहत, नर्स किती वेळा आली ते नोंदवत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारत. आदिवासी पाड्यांवरच्या ज्या बायांना सही करता येत नव्हती, त्याही उठून बोलल्या.

आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी असा थोडा प्रयत्न झाला. जमातीच्या काही तरुणांनी माहितीच्या अधिकारात केंद्राची माहिती मागवली. मंजूर पदे किती, भरलेली किती, शुगर आणि रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभरात किती आल्या. उत्तराचा कागद घेऊन ते एकटे गेले नाहीत. कुणबीवाडी आणि बौद्धवाडीतली माणसे बरोबर घेतली, कारण गोळी त्यांनाही मिळत नव्हती. गावची आशा, जी आमच्याच मोहल्ल्यातली सून आहे, तिने घरोघरच्या शुगर-बीपीच्या पेशंटांची यादी करून दिली. २०२३-२४ मध्ये राज्यभरच्या आशांनी मानधनासाठी संप केला होता, तेव्हा तीही त्यात होती. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे ती आमच्याआधी शिकली होती. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आधी टाळाटाळ केली, मग यादी पाहून गप्प झाले. आज गोळ्या नियमाने येतात. तपासायच्या खोलीला पडदा लागला. दुसरा डॉक्टर अजून आलेला नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. मंगळवारी केंद्राच्या ओट्यावर मोहल्ल्यातली दादी आणि कुणबीवाडीतली आजी एका बाकावर बसून आपापल्या गोळ्यांची पुडी घेतात आणि घरी जाताना भाजीच्या भावावर बोलतात. चंद्याने हे कधी झाले नव्हते.

चंदा थांबवावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जोवर व्यवस्था अपुरी आहे तोवर रुमाल पसरावाच लागेल, आणि अँब्युलन्सच्या डिझेलचे पैसेही द्यावे लागतील. पण जी कमिटी गाडीसाठी लाखो रुपये उभे करू शकते, तिने केंद्रातल्या रिकाम्या पदासाठी वर्षातून चार अर्ज तरी लिहावेत. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरवण्याची रीत आहे. या दिवशी सुट्टी असते. मेमध्ये तर मुंबईचे चाकरमानी आणि आखातातले पाहुणेही गावात असतात. सभेच्या विषयपत्रिकेवर दवाखान्याचा विषय घ्यायला सरपंचाला आठ दिवस आधी लेखी कळवावे, आणि सह्या तिन्ही वाड्यांच्या असाव्यात. बायकांच्या सह्या आधी घ्याव्यात.